खटल्याची तारीख महिन्यांनी, व्हिसाची पाच दिवसांत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी गेलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या तरुणावर तिकडे गुन्हा दाखल झाला, की अटक, आरोप, शिक्षा आणि हद्दपारी हे सगळे एकाच बातमीत, एकाच दमात येते. वाचणाऱ्याला वाटते, कोर्टाने सोडले की व्हिसा वाचला आणि कोर्टाने धरले तरच गेला. ऑस्ट्रेलियापुरते बोलायचे तर हे दोन्ही समज चुकीचे आहेत. आम्ही व्हिसाच्या कागदपत्रांचे काम करतो. गडहिंग्लज, कागल, इचलकरंजीकडची मुले आता तिकडे सर्रास जातात आणि असा प्रसंग आला की घरच्यांची धावपळ नेमकी नको त्या दिशेला होते, म्हणून हे पत्र.

तिथे दोन फायली शेजारी-शेजारी चालतात. एक पोलीस आणि कोर्टाची, दुसरी त्यांच्या गृह खात्याची, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ होम अफेअर्सची. कोर्टाची फाईल महिनोन्‌महिने चालते. व्हिसाच्या फायलीतली नोटीस मात्र उत्तराला बहुधा पाचच कामकाजाचे दिवस देते. घरचे लोक कर्ज काढून फौजदारी वकील लावतात, जामीन मिळाला की सुटकेचा श्वास टाकतात आणि व्हिसाची ईमेल कुणी उघडलेलीच नसते.

आधी कायदा. मायग्रेशन ॲक्ट १९५८ च्या कलम ११६(१)(ई) नुसार, व्हिसाधारकाचे तिथे असणे समाजाच्या आरोग्याला, सुरक्षिततेला किंवा सुव्यवस्थेला, किंवा एखाद्या व्यक्तीच्या आरोग्याला वा सुरक्षिततेला धोका 'असेल किंवा असू शकेल', तर व्हिसा रद्द करता येतो. हे 'असू शकेल' ११ डिसेंबर २०१४ पासून आले. त्याआधी धोका 'आहे' असे दिसावे लागे. म्हणून आज शिक्षा होण्याची वाट पाहावी लागत नाही, पोलिसांनी ठेवलेल्या आरोपावरूनही कारवाई सुरू होते. आणि तिथे आरोप लवकर ठेवला जातो. आपल्याकडे एफआयआर ते दोषारोपपत्र यांत ६० किंवा ९० दिवस सहज जातात, तिथे अटकेच्या रात्रीच ठाण्यात आरोप ठेवून जामिनाचा कागद हातात पडू शकतो.

तरीही आरोप झाला म्हणजे व्हिसा गेलाच असे नाही. अधिकाऱ्याने स्वतःला दोन प्रश्न विचारायचे असतात. रद्द करण्याचे कारण खरोखर घडले आहे का? आणि घडले असले, तरी या माणसाचा व्हिसा रद्द करावा का? दुसरा प्रश्न त्याच्या विवेकाचा, आणि बहुतेक प्रकरणे वाचतात ती इथेच.

टेनिसपटू नोव्हाक जोकोविचचा व्हिसा ६ जानेवारी २०२२ ला मेलबर्न विमानतळावर याच कलमाखाली रद्द झाला होता. गुन्ह्याचा तिथे संबंध नव्हता, मुद्दा लसीचा होता. अधिकाऱ्यांनी उत्तराला सकाळी साडेआठपर्यंत वेळ देतो म्हणून सांगितले आणि ७ वाजून ४२ मिनिटांनीच निर्णय घेतला. १० तारखेला न्यायाधीशांनी तो निर्णय रद्दबातल ठरवला तो एवढ्यावरच. मग १४ तारखेला मंत्र्यांनी वेगळा अधिकार वापरून पुन्हा व्हिसा काढून घेतला आणि १६ तारखेला तीन न्यायमूर्तींनी तो निर्णय कायम केला. सरकारवर चूक शाबीत झाली म्हणून विषय मिटतो असे नाही, हे कोर्टात जायची घाई करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

बाकीची कलमे थोडक्यात. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला गुन्ह्यात दोषी ठरवले गेले, तर याच कायद्याच्या नियमावलीतल्या नियम २.४३ खाली व्हिसा रद्द करायला तेच एक स्वतंत्र कारण होते. म्हणून 'दंड भरून मोकळे होऊ' म्हणत गुन्हा कबूल करणे महागात पडू शकते. दारू पिऊन गाडी चालवण्याची केस हे नेहमीचे उदाहरण. तिथली रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के, नवशिक्या परवान्यावर शून्य. न्यू साऊथ वेल्समध्ये पहिल्या आणि किरकोळ गुन्ह्यात कोर्ट दोष मान्य करूनही दोषसिद्धीची नोंद न करता सोडू शकते. ही मागणी करायची की नाही, हे कबुलीच्या आधी ठरवायचे असते, नंतर नाही. ब्रिजिंग व्हिसा ई, म्हणजे मधल्या काळापुरता मिळणारा तात्पुरता व्हिसा, यावर असलेल्याला तर नुसता आरोपही पुरतो. कायम वास्तव्याचा व्हिसा असलेला माणूस देशात असेल तर त्याला कलम ११६ लागत नाही, पण कलम ५०१, म्हणजे चारित्र्याची कसोटी, लागते. १२ महिने किंवा जास्त कैद झालेला माणूस त्या कसोटीत बसत नाही आणि तो तुरुंगात पूर्णवेळ शिक्षा भोगत असेल तर व्हिसा आपोआप रद्द करावाच लागतो.

आता त्या ईमेलविषयी. खरे नुकसान होते ते इथेच.

व्हिसाचा अर्ज इमीअकाउंट नावाच्या खात्यातून भरला जातो. राजारामपुरीत काय किंवा शाहूपुरीत काय, कित्येक सल्लागार हे खाते स्वतःच्या ऑफिसच्या ईमेलवर उघडतात, पासवर्ड स्वतःकडे ठेवतात आणि अर्जात 'अधिकृत पत्रप्राप्तकर्ता' म्हणून स्वतःचेच नाव घालतात. मुलगा विमानात बसला की त्यांचे काम संपते. पण नेमणूक मागे घेतली नाही तर कायद्याच्या दृष्टीने तो प्राप्तकर्ता राहू शकतो, आणि त्याला पाठवलेली नोटीस मुलाला मिळाली असेच धरले जाते. ईमेलने पाठवलेला कागद त्या दिवसाच्या शेवटी पोचला असे कायदाच मानतो. तो स्पॅममध्ये पडला, ऑफिस दिवाळीच्या सुट्टीला बंद होते, ईमेल पाहणारी पोरगी नोकरी सोडून गेली, यातले काहीही चालत नाही. गुरुवारी ईमेल आली तर शुक्रवार हा पहिला दिवस, मधले शनिवार-रविवार सोडायचे, आणि पुढच्या गुरुवारी मुदत संपली. नोटिशीत लिहिलेली तारीखच शेवटी खरी, आणि ती तिथल्या घड्याळाप्रमाणे. सिडनी-मेलबर्नला ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत मध्यरात्र होते तेव्हा कोल्हापुरात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, उरलेल्या महिन्यांत साडेसात. 'रात्री जेवून बसू आणि पाठवू' म्हणणाऱ्यांची मुदत अशी हातची गेलेली असते.

उपाय सोपा आहे आणि गुन्हा घडण्याची वाट न पाहता करावा. फॉर्म ९५६ए भरून प्राप्तकर्त्याची नेमणूक मागे घेता येते. सल्लागार हा नोंदणीकृत प्रतिनिधी म्हणून दाखवला असेल तर फॉर्म ९५६. खात्यातला ईमेल, तिथला पत्ता, फोन स्वतःचा करावा. व्हेवो या ऑनलाइन सेवेवर पासपोर्ट क्रमांक टाकून व्हिसाची स्थिती केव्हाही पाहता येते. आरोप झालेल्या माणसाने ती रोज पाहावी.

नोटीस आल्यावर पहिल्याच दिवशी तिच्यासोबतचे कागद वाचायचे. अधिकारी कशावर विसंबून आहे, ते त्यात असते: पोलिसांनी लिहिलेली घटनेची हकीकत, जामिनाच्या अटी, कौटुंबिक प्रकरणात संरक्षण आदेश, म्हणजे समोरच्याला त्रास देऊ नये असा कोर्टाचा हुकूम. हा आदेश दिवाणी स्वरूपाचा असतो, तो निघाला म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे नाही, पण तो मोडणे हा मात्र गुन्हा आहे. जास्त वेळ हवा असेल तर मुदत संपायच्या आत, लेखी, कारणासह मागावा, आणि मिळाल्याचे उत्तर येईपर्यंत मिळाला असे समजू नये.

उत्तर लिहिताना दोन वकील एकमेकांशी बोललेले असावे लागतात. फौजदारी वकील सांगतो काही बोलू नका, इमिग्रेशनचा वकील सांगतो सगळे सविस्तर लिहा, आणि दोघांचेही आपापल्या जागी बरोबर असते. व्हिसाच्या उत्तरात 'त्या रात्री मी तिला ढकलले, पण मारले नाही' असे लिहिलेले वाक्य उद्या खटल्यात समोर येऊ शकते. म्हणून मसुदा फौजदारी वकिलाच्या नजरेखालून गेल्याशिवाय पाठवू नये. घटनेच्या तपशिलात न शिरता 'आरोप अमान्य आहेत, न्यायप्रविष्ट आहेत' एवढे म्हणून उरलेले सगळे वजन धोक्याच्या मुद्द्यावर टाकता येते.

तो मुद्दा आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. चार पाने 'मी निर्दोष आहे' लिहितात. अधिकाऱ्याचा प्रश्न आज आणि उद्याचा असतो: हा माणूस देशात राहिला तर कुणाला काय होईल? त्याला उत्तर म्हणून दाखवायचे ते असे: फिर्यादीपासून वेगळा राहतो त्याचा भाडेकरार, जामिनाची हजेरी एकदाही चुकलेली नाही त्याची नोंद, आधीचा एकही गुन्हा नाही, दारूचा प्रश्न असेल तर समुपदेशनाच्या भेटींच्या तारखा, कॉलेजची हजेरी आणि गुणपत्रक, मालकाचे पत्र. दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे 'रद्द करावा का' याला, वेगळा भाग द्यावा. त्यात येण्याचा हेतू काय होता, अटी किती पाळल्या, गृह खात्याशी वागणूक कशी होती, रद्द झाल्यास त्याला आणि घरच्यांना काय झळ बसेल, मुले असतील तर त्यांचे काय, कुणाकुणाचे व्हिसे त्याच्यासोबत जातील, हे सारे येते.

कोल्हापुरात बसून घरच्यांना करता येते ते या दुसऱ्या भागासाठी. 'शेती गहाण ठेवून पाठवलाय' असे नुसते लिहून काही होत नाही, प्रत्येक विद्यार्थ्याचे तेच असते. बँकेचे कर्जमंजुरी पत्र, हप्ता कोणत्या महिन्यापासून आणि किती, जामीनदार कोण, आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात चढलेला बोजा, असे एकाला एक जोडून दाखवावे. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो, तलाठ्याची वाट पाहायला नको. आई-वडिलांचे आजारपण असेल तर डॉक्टरचे पत्र आणि चालू औषधांची चिठ्ठी. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर लागते. भारतातल्या भाषांतरकाराला तिथल्या मान्यतेची सक्ती नाही, पण भाषांतराखाली त्याचे पूर्ण नाव, पत्ता, फोन, पात्रता आणि अनुभव लिहिलेला हवा. हे खालचे चार शब्द राहतात आणि कागदाचे वजन जाते. स्टॅम्प पेपरसाठी कसबा बावड्याला कोर्टाच्या आवारात रांगेत उभे राहण्यात एक दिवस घालवू नये. सहीचे साधे पत्र आणि ओळखपत्राची प्रत यावर बहुतेक काम भागते.

पत्रांबद्दल एक. सरपंच, मुख्याध्यापक, पोलीस पाटील यांचे दाखले आपण गोळा करतो आणि सगळ्यांत मजकूर एकच: 'माझ्या माहितीप्रमाणे वर्तणूक चांगली आहे.' लिहिणाऱ्याला आरोपाची कल्पना आहे, असा उल्लेख पत्रात नसेल तर ते पत्र बाजूला पडते. पत्रात ओळख कधीपासूनची, कशी, आरोप काय आहे हे माहीत आहे, आणि तरीही हा माणूस धोक्याचा वाटत नाही तो कशामुळे, हे हवे. अशी दोन पत्रे वीस दाखल्यांना भारी. आमदार-खासदारांच्या शिफारशीचा तिथे काहीही उपयोग नाही. आमच्या मते तोटाच आहे, वशिल्याचा वास येतो.

भारतातला पोलीस क्लिअरन्सचा दाखला मुलगा तिकडे असताना इथून आई-वडिलांना काढता येत नाही, अर्ज त्यालाच भारतीय वकिलातीमार्फत करावा लागतो आणि पाच दिवसांत तो हाती येणे कठीण. अर्ज केल्याची पावती जोडावी, दाखला मागाहून पाठवतो म्हणावे. खोटा वैद्यकीय दाखला, जुन्या तारखेचे पत्र असले उद्योग मात्र अजिबात नकोत. बनावट कागद सापडला तर पुढच्या अर्जांना तीन वर्षांची आडकाठी येऊ शकते, आणि मूळ प्रकरणाचा निकाल त्याच क्षणी लागल्यात जमा असतो.

पुढची गोष्ट नाजूक आहे, पण लिहायला हवी. नवरा-बायकोच्या भांडणाची केस झाली की इकडे दोन्हीकडची मंडळी बैठक बसवतात. मुलाचा मामा मुलीच्या वडिलांना फोन करतो, 'केस मागे घ्यायला सांगा, मिटवून टाकू.' तिथे केस फिर्यादी चालवत नाही, पोलीस आणि सरकार पक्ष चालवतो. तिने नको म्हटल्याने ती आपोआप बंद होत नाही. उलट संरक्षण आदेशात 'दुसऱ्यामार्फतही संपर्क करू नये' अशी अट असेल तर इथून केलेला फोन हा मुलाने अट मोडल्याचा पुरावा ठरू शकतो आणि साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप वर चढू शकतो. मग 'धोका असू शकेल' हे दाखवायला अधिकाऱ्याला फार शोधावे लागत नाही. आणि मुलगी त्याच्याच व्हिसावर अवलंबून असेल तर कलम १४० खाली त्याच्यासोबत तिचाही व्हिसा जातो. तिला स्वतंत्र वकील हवा. त्याच्या वकिलाने तिलाही सल्ला देणे बरोबर नाही.

आरोप प्रलंबित असताना मुलाला बहिणीच्या लग्नाला बोलावू नये. पासपोर्ट कोर्टात जमा असेल तर प्रश्नच नाही, पण नसला तरी तो देशाबाहेर पडल्यावर कलम १२८ खाली आधी नोटीस न देताही व्हिसा रद्द करता येतो. खटल्याच्या तारखेला हजर राहिला नाही म्हणून वॉरंट निघते ते वेगळेच.

एवढे करूनही व्हिसा रद्द झाला तर माणूस त्या क्षणापासून बेकायदा ठरतो आणि त्याला ताब्यात घेणे कायद्याने बंधनकारक आहे. जामिनावर असला तरी. सिडनीत हे केंद्र व्हिलावूडला आहे. बाहेर राहण्यासाठी ब्रिजिंग व्हिसा ई मागता येतो. खटल्यासाठी त्याला देशात ठेवायचे असेल तर सरकार पक्ष क्रिमिनल जस्टिस स्टे सर्टिफिकेट काढू शकतो, पण ते न्यायप्रक्रियेच्या सोयीसाठी असते, आरोपीच्या नाही. कलम ४८ मुळे देशात राहून दुसरा व्हिसा मागण्याचे बहुतेक मार्ग बंद होतात.

अपील ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलकडे, म्हणजे सरकारी निर्णय पुन्हा तपासणाऱ्या न्यायाधिकरणाकडे. १४ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या ट्रिब्युनलच्या जागी हे आले आहे, जुनी माहिती वाचून चालू नये. कलम ११६ च्या निर्णयाविरुद्ध ताब्यात नसलेल्याला २८ दिवस, ताब्यात असलेल्याला ७ दिवस. कलम ५०१ च्या बऱ्याच निर्णयांना ९ दिवस. एक दिवस उशीर झाला तरी मुदत वाढवून मिळत नाही. फी तीन हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे, अडचण सिद्ध केली तर निम्मी माफ होते. ट्रिब्युनल नव्याने पुरावा पाहते, म्हणून पाच दिवसांत जमले नाही ते इथे मांडता येते. त्यापुढचे कोर्ट फक्त कायद्याची चूक पाहते, ३५ दिवसांत जावे लागते, आणि मुलगा किती चांगला आहे हे ऐकायला ते बसलेले नसते.

सल्लागार पारखून घ्यावा. नोंदणीकृत मायग्रेशन एजंटचा सात अंकी क्रमांक असतो आणि तो सरकारी यादीत तपासता येतो. २२ मार्च २०२१ नंतर पूर्ण सनद असलेल्या वकिलांना हा क्रमांक लागत नाही, त्यांचे नाव त्या-त्या राज्याच्या वकिलांच्या नोंदवहीत पाहावे. दोन्हीकडे नाव नसेल तर तो कितीही मराठी बोलत असो, पैसे देऊ नयेत. पैशांची अडचण असेल तर प्रत्येक राज्यात लीगल एड आहे, कोर्टात त्या दिवशीचा ड्यूटी वकील मिळतो, सिडनीत इमिग्रेशन ॲडव्हाइस अँड राइट्स सेंटर आहे. ताब्यात असलेल्या भारतीयाला आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिलेला आहे, आणि घरच्यांना परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. वकिलात खटला लढत नाही, व्हिसाही वाचवत नाही, पण मुलगा कुठे आहे, हे तिच्याकडून कळू शकते. गृह खाते आई-वडिलांनाही काही सांगत नाही, मुलाने लेखी परवानगी दिल्याशिवाय.

आपल्या दैनिकाकडे दोन मागण्या. अशी बातमी देताना आरोप ठेवला आहे की दोषी ठरला आहे, व्हिसाची नोटीस आली आहे की व्हिसा रद्द झाला आहे, हे स्पष्ट लिहावे, आणि शिक्षेपूर्वी गाव, कॉलेज, फोटो छापू नये. अशी बातमी ऑनलाइन कायम राहते आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जाच्या वेळी वर येते. दुसरे, दर वर्षी परदेशी शिक्षणाच्या पुरवण्या निघतात. त्यात विद्यापीठांच्या क्रमवारीशेजारी एक चौकट या ईमेलच्या खात्याबद्दल द्यावी: सल्लागाराची पावती घेतानाच इमीअकाउंट कुणाच्या ईमेलवर उघडले आहे ते विचारावे, आणि पासवर्ड हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

आपले,
परदेशी व्हिसाच्या कागदपत्रांचे काम करणारे काही वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर